लिपिड प्रोफाइलचा कागद वाचताना: रक्तातली चरबी कुठून निघते, कुठे उतरते, कुठे अडते

नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळी आठच्या सुमाराला डोकावा, उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची गर्दी दिसेल. संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर येतो आणि बहुतेक जण एकच आकडा बघतात, टोटल कोलेस्टेरॉल. २०० च्या आत असला की रविवारची मिसळ पक्की. बाहेर गेला की घरातलं तूप बंद. मी लॅबमध्येच काम करतो, म्हणून सांगतो, त्या कागदावरचा सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा हाच. रक्तात चरबी एकूण किती आहे यापेक्षा ती कोणत्या कणांत भरून फिरतेय आणि ते कण किती आहेत, यावर धमनीचं भवितव्य ठरतं. ते कळायचं तर आधी चरबीचा प्रवास बघावा लागतो.

(खालचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. आपल्याकडच्या लॅब बहुधा हेच एकक देतात.)

चरबी रक्तातून जाते कशी

रक्त म्हणजे मुख्यतः पाणी, आणि तेल पाण्यात विरघळत नाही. म्हणून शरीर चरबीचे बारीक गोळे करतं. आत ट्रायग्लिसराइड (म्हणजे इंधन म्हणून साठवायची चरबी) आणि कोलेस्टेरॉल, बाहेर फॉस्फोलिपिडचं पातळ वेष्टन, आणि त्या वेष्टनात रुतलेली प्रथिनं. या गोळ्यांना लिपोप्रोटीन म्हणतात. बाहेरची प्रथिनं, म्हणजे अ‍ॅपोलिपोप्रोटीन, हा नुसता आधार नाही. गोळा कुठे थांबायचा, कोणी रिकामा करायचा आणि शेवटी कोणी उचलायचा, हे तीच ठरवतात.

पहिला मार्ग जेवणातून सुरू होतो. पोह्यांवरचं तेल असो की पुरणपोळीवरचं तूप, आतड्यात पित्तरस त्याचे थेंब बारीक करतो, स्वादुपिंडाचं लायपेज ते तोडतं, आतड्याच्या पेशी ते तुकडे आत घेऊन पुन्हा ट्रायग्लिसराइड जुळवतात आणि त्यांचे मोठे कण बांधतात. हे कायलोमायक्रॉन. ते थेट यकृताकडे जात नाहीत. आधी लसिकावाहिन्यांत शिरतात, छातीतून वर चढतात आणि डाव्या खांद्याजवळच्या शिरेत रक्ताला मिळतात. स्नायू आणि चरबीच्या पेशींजवळच्या केशवाहिन्यांच्या भिंतीवर लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम बसलेलं असतं. ते कणातलं ट्रायग्लिसराइड तोडून पेशींना देतं. उरलेला छोटा कण यकृत उचलतं. निरोगी माणसात दहा-बारा तासांत हा सगळा माल निपटतो.

दुसरा मार्ग यकृतातून निघतो. यकृत स्वतः ट्रायग्लिसराइड बनवतं, तेही बऱ्याचदा साखर, मैदा आणि दारूपासून, आणि ते व्हीएलडीएल (अति कमी घनतेचं लिपोप्रोटीन) कणांत भरून रक्तात सोडतं. पिंपळगावहून द्राक्षांचे क्रेट भरून निघालेला टेम्पो वाटेत ठिकठिकाणी माल उतरवत जावा, तसं व्हीएलडीएल वाटेत ट्रायग्लिसराइड देत देत लहान होत जातं. शेवटी ज्यात मुख्यतः कोलेस्टेरॉल उरलंय असा कण राहतो, तो एलडीएल (कमी घनतेचं लिपोप्रोटीन). त्याला रक्तातून काढायचं काम यकृताच्या पेशींवरच्या एलडीएल रिसेप्टरचं, म्हणजे हे कण पकडून आत घेणाऱ्या प्रथिनाचं. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी हा रिसेप्टर शोधला आणि १९८५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आजची बहुतेक औषधं या ना त्या वाटेनं याच रिसेप्टरची संख्या वाढवतात.

एक गोष्ट इथे पक्की लक्षात ठेवा. व्हीएलडीएल असो वा एलडीएल, प्रत्येक कणावर अ‍ॅपो-बी हे प्रथिन एकच असतं. म्हणजे अ‍ॅपो-बी मोजलं की कण मोजले. हेच कण धमनीच्या आतल्या थरात घुसतात, तिथे अडकतात आणि वर्षानुवर्षं थर वाढवतात.

तिसरा मार्ग उलट्या दिशेचा. एचडीएल (जास्त घनतेचं लिपोप्रोटीन) पेशींमधलं जादा कोलेस्टेरॉल गोळा करून यकृताकडे नेतं. त्याला ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणण्याची पद्धत पडली आणि लोक एचडीएल वाढवण्याच्या मागे लागले. ते औषधानं वाढवून मात्र फायदा हाती लागला नाही. टॉरसेट्रॅपिब नावाच्या औषधानं एचडीएल भरपूर वाढलं, पण औषध घेणाऱ्या गटात मृत्यूही जास्त दिसले आणि २००६ च्या डिसेंबरमध्ये चाचणी थांबवावी लागली. एचडीएल कमी असणं हा धोक्याचा इशारा आहे. ते जास्त आहे म्हणून एलडीएलकडे दुर्लक्ष करायचं, हे मात्र चालत नाही.

रक्त देण्याआधी

नेहमीच्या तपासणीसाठी आता उपाशी राहण्याची सक्ती उरलेली नाही. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनाही जेवणानंतरच्या नमुन्याला मान्यता देतात. तरी ट्रायग्लिसराइड आधी जास्त आलेलं असेल, किंवा खाल्ल्यानंतरच्या नमुन्यात ते ४०० च्या वर गेलं, तर दहा-बारा तास उपाशी राहून पुन्हा करा. साधं पाणी चालतं. चहा नको. आणि चतुर्थीचा उपास आहे म्हणून साबुदाण्याची खिचडी खाऊन ‘फास्टिंग’ला येऊ नका. असे लोक येतात, आणि विचारल्याशिवाय सांगतही नाहीत.

आदल्या दोन-तीन दिवसांत दारू, लग्नाचं जेवण, अति व्यायाम टाळा. खुर्चीत पाच मिनिटं शांत बसून मग हात पुढे करा. डेंग्यू, टायफॉइड, न्यूमोनिया किंवा मोठ्या शस्त्रक्रियेतून नुकते उठला असाल तर दीड-दोन महिने थांबा, कारण आजारपणात एलडीएल खोटं कमी दिसतं. हार्ट अटॅकचं गणित वेगळं आहे. तिथे पहिल्या २४ तासांतच नमुना घ्यायचा असतो. गरोदरपणात ट्रायग्लिसराइड आपोआप दुप्पट-तिप्पट होतं, त्या काळातल्या अशा आकड्यावरून कोणी घाबरवलं तर घाबरू नका (५०० च्या वर गेलं तर मात्र शेवटचा भाग वाचा).

एकाच माणसाचं ट्रायग्लिसराइड एका आठवड्यातसुद्धा २० टक्क्यांनी सहज खालीवर होतं. १६० चं १४० झालं म्हणून कुठल्या काढ्याला श्रेय देऊ नका.

नळी काय सांगते

रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे ती गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून, बाहेर येते तेव्हा वर पिवळसर, पारदर्शक सीरम असतं. नळीमागे छापील कागद धरला तर अक्षरं वाचता येतात. ट्रायग्लिसराइड वाढलं की सीरम धुरकट होतं आणि अक्षरं पुसट दिसायला लागतात. १००० च्या पुढे गेलं की सीरम दुधासारखं पांढरं असतं, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला हे माणसाचं रक्त आहे यावर विश्वास बसत नाही.

अशा नळीची एक जुनी परीक्षा आहे, तिला पैसे लागत नाहीत. नळी रात्रभर फ्रिजमध्ये ४ अंशांवर उभी ठेवायची, हलवायची नाही. सकाळी वर सायीसारखा थर आणि खाली स्वच्छ द्रव दिसला तर दोष कायलोमायक्रॉनचा, म्हणजे लायपोप्रोटीन लायपेज काम करत नाहीये. साय नाही पण सगळा द्रव गढूळ असेल तर यकृत व्हीएलडीएल जास्त सोडतंय. दोन्ही दिसलं तर दोन्ही. साखर न आवरलेल्या मधुमेहींत आणि रोज पिणाऱ्यांत हे तिसरं चित्र दिसतं.

दुधाळ सीरम बाकीच्या चाचण्याही बिघडवतं. सोडियम खोटं कमी येऊ शकतं, हिमोग्लोबिन खोटं जास्त. म्हणून रिपोर्टखाली ‘लायपेमिक सॅम्पल’ (चरबीनं गढूळ नमुना) असा शेरा असेल तर तो डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. पहिल्या पानाचा फोटो पाठवून भागत नाही.

कॅल्क्युलेटर काढा

समजा अंबड एमआयडीसीत काम करणाऱ्या ४६ वर्षांच्या एका गृहस्थांचा रिपोर्ट असा आहे: टोटल कोलेस्टेरॉल २१२, ट्रायग्लिसराइड २९०, एचडीएल ३४.

बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, सूत्रानं काढतात. १९७२ मध्ये आलेलं फ्रीडवाल्डचं सूत्र: टोटलमधून एचडीएल वजा करा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा. २९० भागिले ५ म्हणजे ५८. २१२ वजा ३४ वजा ५८, एलडीएल आलं १२०. रिपोर्टमध्ये व्हीएलडीएल म्हणून छापलेला ५८ हा आकडा बहुतेक वेळा कोणत्याही यंत्रानं मोजलेला नसतो, तो नुसता भागाकार असतो. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र बाद. तेव्हा ‘डायरेक्ट एलडीएल’ मागा.

आता १२० बघून आपले गृहस्थ म्हणतील, जरासंच तर जास्त आहे. इथेच फसगत होते. टोटलमधून फक्त एचडीएल वजा करा: २१२ वजा ३४, म्हणजे १७८. हे नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल. धमनीत घुसू शकणाऱ्या सगळ्या कणांतलं कोलेस्टेरॉल यात येतं. कमी धोक्याच्या माणसासाठी एलडीएलची मर्यादा १०० आणि नॉन-एचडीएलची १३०. म्हणजे एलडीएलच्या हिशेबात हे वीसनं पुढे आहेत आणि नॉन-एचडीएलच्या हिशेबात अठ्ठेचाळीसनं. दुसरा आकडा खरा मानायचा. त्याला उपास लागत नाही, वेगळा खर्च लागत नाही, आणि ट्रायग्लिसराइड जास्त असलं तरी तो चुकत नाही. रिपोर्टवर छापलेला नसेल तर पेननं लिहा.

एलडीएल बरं पण ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी आणि पोट सुटलेलं, हा आपल्याकडचा नेहमीचाच साचा. यात एलडीएलचे कण बारीक आणि संख्येनं जास्त असतात. प्रत्येकात कोलेस्टेरॉल थोडं, म्हणून एलडीएलचा आकडा सौम्य दिसतो. शंका असेल तिथे अ‍ॅपो-बी करून घ्या. सोबत आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक कण) करा. ते जन्मजात असतं, खाण्यापिण्यानं फारसं हलत नाही, ५० च्या वर असेल तर हृदयाचा धोका वाढतो, आणि घरात कोणाला पन्नाशीच्या आत अटॅक आला असेल तर तो आकडा माहीत असायलाच हवा.

बाकी मर्यादा थोडक्यात. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत. एचडीएल पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० च्या वर. मधुमेह किंवा रक्तदाबासारखी जास्त धोक्याची परिस्थिती असेल तर एलडीएल ७० च्या आत, नॉन-एचडीएल १०० च्या आत. अटॅक येऊन गेला असेल, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल तर एलडीएल ५५ आणि नॉन-एचडीएल ८५ च्या आत. रिपोर्टच्या उजव्या कोपऱ्यात छापलेली ‘नॉर्मल रेंज’ या लोकांसाठी नाही. ती बघून गोळी बंद करणारे बरेच असतात.

दोष दुसरीकडे तर नाही ना

चरबी वाढली की लगेच तेलाकडे बोट दाखवू नका. थायरॉइड मंदावलं की एलडीएल वाढतं, त्यामुळे टीएसएच (थायरॉइडची चाचणी) आधी करा. थायरॉइड सुधारलं की कोलेस्टेरॉल बऱ्याचदा आपोआप उतरतं. साखर, लघवीतलं प्रथिन, यकृताच्या चाचण्या हव्यातच. पायावर-चेहऱ्यावर सूज आणि कोलेस्टेरॉल ३५० असेल तर ती मूत्रपिंडाची तक्रार असू शकते. औषधांची यादी सांगताना स्टिरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या, मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन लपवू नका. जिममध्ये स्टिरॉइडची ‘सायकल’ मारणाऱ्या पोरांचं एचडीएल पंधरा-वीसवर आलेलं असतं. आईबापांना माहीत नसतं, रिपोर्टला माहीत असतं.

घराण्यातून येणारे दोष

एलडीएल १९० च्या वर असेल आणि वरची कारणं नसतील, तर फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमियाचा विचार करा. एलडीएल रिसेप्टरच्या जनुकात दोष, त्यामुळे यकृत एलडीएल नीट उचलत नाही. साधारण अडीचशे ते तीनशे माणसांत एकाला हा असतो आणि बहुतेकांना पत्ता नसतो. माणूस सडपातळ, शाकाहारी, निर्व्यसनी असतो, आणि चाळिशीतच छातीत कळ येते.

याची खूण हातानं शोधता येते. टाचेच्या मागची जाड शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी) अंगठा आणि तर्जनीत धरून वरून खाली या. ती एकसारखी, दोरीसारखी लागायला हवी. मध्येच फुगीर, गाठाळ, टणक लागली तर दाखवा. हाताच्या मुठीच्या हाडांवरच्या शिराही अशाच तपासा. डोळ्यातल्या बुबुळाभोवती पांढुरकं कडं पंचेचाळिशीच्या आत दिसलं तरी एलडीएल करा. आजोबांच्या डोळ्यात तेच कडं असेल तर ते वयाचं, सोडून द्या. पापणीवरचे पिवळे चट्टे मात्र फसवे, अशा निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल ठीक निघतं.

एका पालकात हा दोष असेल तर प्रत्येक मुलात तो यायची शक्यता निम्मी. दोघांकडून आला तर गोष्ट गंभीर: एलडीएल पाचशेच्या वर, लहानपणीच कोपर-गुडघ्यांवर पिवळ्या गाठी, विशीच्या आत हृदयविकार. मामाची मुलगी, आत्याचा मुलगा अशी लग्नं ज्या घरांत होतात तिथे ही शक्यता वाढते. अशा घरात मुलांची तपासणी दोन वर्षांनंतर करता येते. बाकी सगळ्यांनी अठराव्या वर्षी एकदा करावी.

लायपोप्रोटीन लायपेजचा जन्मजात अभाव फार दुर्मीळ, दहा लाखांत एखादा. तान्ह्या बाळाचं रक्तच दुधाळ येतं, पोट वारंवार दुखतं, पार्श्वभागावर बारीक पिवळसर पुटकुळ्या उठतात. तळहाताच्या रेषांत पिवळसर रंग भरलेला दिसला तर दोष अ‍ॅपो-ई या प्रथिनाचा असतो. टँजियर रोगात एचडीएल जवळजवळ शून्य आणि टॉन्सिल नारिंगी. हे नाव अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या टँजियर बेटावरून पडलं.

ताटात काय बदलायचं

वनस्पतींपासून आलेल्या खाण्यात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतं. ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ असं डब्यावर छापलेलं शेंगदाणा तेल काही वेगळं करत नाही, कुठल्याच वनस्पती तेलात ते नसतं. एलडीएल वाढवतात ते संपृक्त स्निग्ध पदार्थ, कारण त्यांच्यामुळे यकृतावरचे रिसेप्टर कमी होतात: तूप, लोणी, साय, खोबरेल, पामतेल, डालडा. फरसाण, खारी, बिस्किटं, पाकिटातला चिवडा यांच्या मागे बारीक अक्षरात बघा, पामतेल सापडेल.

तेलाचा हिशेब माणशी महिना अर्धा लिटर. चौघांना दोन लिटर. म्हणजे १५ किलोचा डबा साधारण आठ महिने पुरायला हवा. डबा उघडाल त्या दिवशी त्यावर मार्करनं तारीख घाला. चार महिन्यांत तळ दिसला तर कोणाला विचारायची गरज नाही.

मिसळीत मटकीचा काही गुन्हा नाही, मोडाची उसळ उत्तमच. तेल असतं तर्रीत आणि फरसाणात. तर्री वेगळी मागा, फरसाण अर्धं करा, दुसरा रस्सा घेताना वरचा तवंग बाजूला सारा. शेजारची जिलबी मात्र थेट ट्रायग्लिसराइडच्या खात्यात जाते. ट्रायग्लिसराइड तेलापेक्षा साखर, मैदा, दारू आणि पोटाच्या घेरानं जास्त वाढतं, आणि वजन ५ ते १० टक्के उतरलं की ते ठळकपणे खाली येतं. द्राक्षांच्या हंगामात घरात पेटी आलेली असते, टीव्हीसमोर वाडगा रिकामा होतो. मूठभर ठीक. बेदाण्याचंही तेच. आणि वाइननं एचडीएल वाढतं म्हणून रोज ग्लास घेणाऱ्यांनी आपलं ट्रायग्लिसराइड एकदा बघावं.

विरघळणारे तंतू एलडीएल थोडं कमी करतात: डाळी, ओट्स, गवार, इसबगोल. गोदापार्कात किंवा कृषीनगरच्या ट्रॅकवर आठवड्यातून पाच दिवस, बोलताना जरा दम लागेल इतक्या वेगानं अर्धा तास चाला. लसूण, आलं, लिंबू आणि व्हिनेगर उकळून केलेल्या त्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या काढ्यानं धमनी उघडत नाही. त्याच्या भरवशावर बायपासची तारीख पुढे ढकलणं जिवावर बेतू शकतं.

गोळी

जपानच्या अकिरा एंडो यांनी बुरशीतून पहिलं स्टॅटिन वेगळं काढलं ते १९७० च्या दशकात. १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिन अमेरिकेत बाजारात आलं. स्टॅटिन यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखतं. मग यकृत गरजेपोटी पृष्ठभागावर रिसेप्टर वाढवतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. म्हणजे गोळी थांबली की रिसेप्टर कमी, एलडीएल पुन्हा वर. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तो गोळीमुळे. एलडीएल साधारण ४० नं उतरलं की अटॅक-पक्षाघाताचा धोका सुमारे एक पंचमांशानं कमी होतो, एवढा भक्कम पुरावा फार थोड्या औषधांना आहे.

स्नायू दुखू शकतात, साखर किंचित वाढू शकते. अंग ठणकून लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गर्भधारणेचा विचार असेल तर आधी बोला. डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी सहाएक टक्केच उतरतं, म्हणून डॉक्टर बऱ्याचदा डोस न वाढवता सोबत इझेटिमिब (आतड्यातून कोलेस्टेरॉल कमी शोषू देणारी गोळी) देतात. त्यानंही भागलं नाही तर पीसीएसके-९ (एलडीएल रिसेप्टर नष्ट करवणारं प्रथिन) रोखणारी इंजेक्शनं आहेत, महाग आहेत. बदल केल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या, जमलं तर त्याच लॅबमध्ये.

थांबायचं नाही अशी वेळ

ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेलं की आधी स्वादुपिंडाची काळजी, हृदयाची नंतर. १००० च्या पुढे स्वादुपिंड सुजण्याचा धोका खरा असतो. बेंबीच्या वर जोराचं दुखणं, पाठीत जाणारं, पुढे वाकून बसल्यावर जरा कमी होणारं, सोबत उलट्या: अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन झोपू नका. १०८ ला फोन करा किंवा त्र्यंबक रस्त्यावरचं जिल्हा रुग्णालय, जवळचं मोठं हॉस्पिटल, जे आधी गाठता येईल ते गाठा. जुना रिपोर्ट सोबत न्या आणि दारात पोचताच सांगा की ट्रायग्लिसराइड जास्त आहे. दुधाळ सीरममुळे अमायलेज (स्वादुपिंड सुजल्यावर वाढणारं एन्झाइम) खोटं नॉर्मल येऊ शकतं, आणि तो एक आकडा बघून कोणी घरी पाठवायला नको.